मंत्रीसाहेब आणि गुरुवारच्या सह्या

माझ्या आयुष्यात मी एकच मंत्री जवळून पाहिला, आणि तोही जेवणाच्या रांगेत उभा असलेला.

नव्वदीच्या मधली वर्षं. मी आखातात, रुवैसला होतो, एका इटालियन काँट्रॅक्टरच्या साइट ऑफिसात. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वाळू, मध्ये रिफायनरी आणि तिच्या कडेला आमचे कॅम्प. माझा हुद्दा ऐकायला मोठा होता, डॉक्युमेंट कंट्रोलर. काम लहान. ड्रॉइंगं आणि पत्रं सांभाळायची, कोणाला काय दिलं याची नोंद ठेवायची. त्या दिवशी मेसमध्ये माझ्यापुढे एक उंच, थोडा वाकलेला, पांढऱ्या केसांचा गोरा माणूस स्टीलचा ट्रे घेऊन उभा होता. मागचा मल्याळी इंजिनियर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "ये आदमी मिनिस्टर था. इटली का. सच्ची."

"तो इधर क्या कर रहा है?"

"दाल ले रहा है," तो म्हणाला.

मी हसलो नाही. मला हसता आलं नाही. आमच्या तालुक्याला मी लहान असताना एकदा मंत्री यायचे होते, तेव्हा आम्हा शाळेतल्या पोरांना सकाळपासून रस्त्याच्या कडेला उन्हात उभं केलं होतं. दुपारी चार गाड्या आल्या आणि धुरळा उडवून गेल्या. मंत्री नेमके कोणत्या गाडीत होते यावरून आमच्या वर्गात दोन दिवस भांडणं झाली. माझ्या हिशेबी मंत्री म्हणजे धुरळा. आणि इथे हा माणूस डाळ घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर गेला, जेवला, ट्रे स्वतः नेऊन ठेवला आणि भांडी घासणाऱ्या बंगाली माणसाला मान झुकवून "शुक्रन" म्हणाला.

आम्ही त्यांना मंत्रीसाहेब म्हणायला लागलो. त्यांच्या देशात त्या सुमारास जुने पक्षच्या पक्ष कोसळले होते, एवढं वर्तमानपत्रातून कानावर होतं. कंपनीच्या मालकाची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांना सल्लागार म्हणून आणलं होतं. रिफायनरीवाल्यांशी बोलणी करायची, कमिट्यांवर बसायचं. राहायला इंजिनियरांच्याच ब्लॉकमध्ये एक खोली.

महिनाभराने त्यांनी मला बोलावून घेतलं. टायपिंगला वेग कोणाचा चांगला असं त्यांनी विचारलं होतं, आणि माझं नाव पुढे आलं होतं. त्यांना आपली हकिकत लिहून काढायची होती, इंग्रजीत. त्यांची नातवंडं परदेशात वाढत होती, त्यांना इटालियन वाचता येत नव्हतं. "मी इटालियनमध्ये विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात," ते म्हणाले. हे मला कळलं. माझी बायको आणि मुलगी शारजात, अल नहदाला राहायच्या. मी गुरुवारी घरी गेलो की मुलीला मराठीत काही विचारायचो आणि ती "या, ओके, बाबा" म्हणायची.

मग रोज चारला ऑफिस सुटलं की मी त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. ते ॲल्युमिनियमच्या एका छोट्या भांड्यात स्वतः कॉफी करत, मला आधी देत आणि येरझारा घालत सांगायला लागत. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्यांचे वडील दक्षिणेकडच्या एका डोंगरी गावात पाव भाजायचे. हे शाळेत लॅटिन शिकवायला लागले आणि सव्विसाव्या वर्षी गावाच्या कौन्सिलवर निवडून आले. पहिलं काम केलं ते पाण्याचं. वरच्या झऱ्यापासून पाइप टाकून चौकात नळ आणला. उद्घाटनाला अख्खं गाव जमलं, आणि नळ सोडला तर गढूळ पाणी. एका म्हातारीने पुढे येऊन कळशी भरली, आत पाहिलं आणि कळशी यांच्यापुढे धरली. म्हणाली, "आधी तू पी."

"मग?" मी टायपिंग थांबवून विचारलं.

"प्यालो. तीन दिवस आजारी होतो. पण ती मरेपर्यंत मला मत देत होती."

असं सगळं ते सांगत. पुढे मेयर झाले, मग खासदार. रोमला पहिलं वर्षभर त्यांनी सभागृहात तोंड उघडलं नाही, कारण बोलणारे फार होते. तिघा खासदारांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती, त्यातला एक इतका घोरायचा की बाकी दोघांनी पक्षाकडे तक्रार केली. पक्षाने कळवलं, तो आपल्याला फार उपयोगाचा आहे, तुम्हीच खोली बदला. सतरा वर्षं ते त्या सभागृहात बसले. आधी उपमंत्री झाले. आणि मग एके दिवशी मंत्री. शपथविधीला वडील आले ते पहाटेची भट्टी लावून, पाव विकून, मग गाडी पकडून. मुलगा मंत्री झाला म्हणून गावाने उपाशी राहायचं का, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं ते सरकार अकरा महिने टिकलं. मी हळहळलो तर ते म्हणाले, "आमच्याकडे हे दीर्घायुष्य समजतात."

मला हे ऐकताना जे व्हायचं त्याला मी आश्चर्य म्हणणार नाही. ती दिपून जाण्यासारखी गोष्ट होती. मोठेपणाच्या कथा मी खूप ऐकल्या होत्या, पण मोठा माणूस स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी कॅम्पवर परतताना मी ताठ चालायचो. मुलीला फोन करून सांगायचो, "आज मंत्र्यांनी मला कॉफी करून दिली." तिने विचारलं होतं, "बट व्हाय?"

आता दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती मी बायकोलाही कित्येक वर्षं सांगितली नव्हती.

आमच्या साइटवर खोदाईचे एक फोरमन होते, रायगडच्या किनाऱ्यावरचे, मुसलमान, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाई म्हणत. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून आमची गट्टी जमली होती. मला ते कारकून म्हणायचे. "काय कारकून, आज कुठला कागद घेऊन आलास मेल्या? जमीन कागद बघून खोदत नाय, जमीन बघून खोदतात." पण म्हणायचे एवढंच. कागद बघितल्याशिवाय त्यांनी कधी फावडं लावू दिलं नाही.

आमच्या कामाचा नियम सोपा होता. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की नवीन प्रत यायची. ती मी फोरमनच्या हातात द्यायची, जुनी परत घेऊन तिच्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा, आणि नवीन मिळाल्याची सही माझ्या पावतीवर घ्यायची. शनिवारी सकाळी रिफायनरीचा माणूस येऊन पावत्या तपासायचा. सहीची एकही जागा कोरी चालत नसे.

अडचण गुरुवारची. गुरुवारी अर्धा दिवस. एक वाजता कंपनीची बस सुटायची, शारजाला पोचायला संध्याकाळ व्हायची. आठवड्यातला एकच शुक्रवार घरी. ती बस चुकवणं म्हणजे आठवडा चुकवणं. आणि फोरमन लोक साइटच्या दुसऱ्या टोकाला, कोण त्यांच्यामागे पावत्या घेऊन धावणार? म्हणून गुरुवारच्या सह्या मीच करायचो. सगळ्यांच्या. लपून नव्हे, त्यांच्याच सांगण्यावरून. भाई स्वतः म्हणायचे, "मार रे तूच माझी सही, माझ्यापेक्षा तुझी बरी येते. ड्रॉइंग तेवढं रॅकला लाव माझ्या केबिनमध्ये." मी सही करायचो आणि ड्रॉइंग त्यांच्या रॅकला लावून बसकडे पळायचो. दोन वर्षं असं चाललं, कधी काही बिघडलं नाही.

एका गुरुवारी बाराच्या पुढे एक नवीन प्रत आली. भाईंच्या भागातली. जमिनीखालून जाणाऱ्या एका वीजवाहिनीचा मार्ग बदलून दाखवला होता. मी पावतीवर भाईंची सही केली. ड्रॉइंग रॅकला लावायला पाच मिनिटं चालत जावं लागणार होतं. बसवाला हॉर्न मारत होता, "यल्ला, यल्ला!" मी ड्रॉइंग माझ्या खणात ठेवलं. शनिवारी सकाळी देऊ.

शनिवारी कंपनीचे मोठे लोक आले. दोन दिवस मी त्यांच्या फायलींमध्ये. खण उघडलाच नाही.

सोमवारी सकाळी दहाला भाईंच्या माणसाने जुन्या ड्रॉइंगप्रमाणे खोदलं आणि खोदयंत्राचा दात त्या केबलला लागला. चालवणारा पेशावरचा पठाण होता. जीव वाचला त्याचा, उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो आवाज मी ऑफिसात ऐकला. सगळे पळाले तिकडे.

मी नाही पळालो. मी खण उघडला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी फक्त गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा स्वभावच आहे, तेव्हा ते मला सोपं वाटायचं. पण मी गप्प बसलो नाही. मी ते ड्रॉइंग घेतलं, लोकांचा ओघ होता त्याच्या उलट दिशेने चालत भाईंच्या केबिनमध्ये गेलो आणि ते रॅकला लावलं. इतर तीन कागदांच्या मागे. वरून चापट मारून सरळ केलं. मग मीही गर्दीत जाऊन उभा राहिलो. भाई त्या पठाणाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून ओरडले, "कारकून, पाणी आण!" मी पाणी आणलं.

चौकशी झाली. कमिटीवर प्रमुख कोण, तर मंत्रीसाहेब.

पोर्टाकेबिनमध्ये ते, सेफ्टी ऑफिसर, कोपऱ्यात नोंदी घ्यायला मी. भाई उभे. मंत्रीसाहेबांनी पावती हातात घेतली. वाचली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. एवढ्याशा कागदाला इतका वेळ कोणी दिलेला मी पाहिला नव्हता.

भाई हिंदीत म्हणाले, "साब, ये साइन..." आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "ड्रॉइंग तुमच्याच रॅकमध्ये सापडलंय."

भाईंचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले नाहीत. गोंधळले. घरातली वस्तू आपणच कुठेतरी ठेवली आणि विसरलो असं वाटल्यावर माणूस गोंधळतो, तसे. थोड्या वेळाने म्हणाले, "फिर आया होगा, साब. मैंने ही नहीं देखा होगा."

मंत्रीसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही ते वेळेवर पोचवलं होतं? गुरुवारी?"

"येस सर."

त्यांनी मान हलवली. अहवाल मीच टाइप केला. खाली त्यांनी सही केली.

आठवड्यात भाईंना कॅन्सल केलं. आखातात हा शब्द माणसांसाठीच वापरतात. व्हिसा कॅन्सल, माणूस कॅन्सल, खलास. जाताना माझ्या टेबलाशी आले. "चल कारकून. म्हातारा झालो बहुतेक. डोळ्यापुढचा कागद दिसत नाय." मी त्यांचा हात हातात घेतला. घेतला, इतकंच.

हकिकतीचं टायपिंग पुन्हा सुरू झालं. दोन-तीन महिने गेले असतील. आम्ही त्यांच्या मंत्रिपदाच्या शेवटाशी आलो होतो. त्या दिवशी कॉफी करताना त्यांचं लक्ष नव्हतं, ती उतू गेली. म्हणाले, "आज मी जे सांगेन ते जसंच्या तसं लिहा. सुधारू नका. माझं व्याकरणसुद्धा."

गोष्ट अशी. त्यांच्या खात्याकडे एक फाइल आली होती. एका खेड्याच्या वरची डोंगरउतरण सरकते आहे, खालची घरं पावसाळ्यापूर्वी रिकामी करावीत. त्या दिवशी सह्यांचा ढीग होता. यांनी फाइल न वाचता 'पाहिले' म्हणून सही केली आणि ती परत कपाटात गेली. शरदात पाऊस झाला, उतरण खाली आली. एका घरातली चार माणसं गेली. चौकशीत खात्याचा एक जुना अधिकारी दोषी ठरला. त्याने फाइल मंत्र्यापर्यंत पोचवलीच नाही असं म्हटलं गेलं. यांच्या सहीचं पान फाइलीतून कोणीतरी काढलं होतं. कोणी, ते यांनी विचारलं नाही. "मला वाचवायला काढलं असणार. आणि मी वाचलो."

अधिकाऱ्याची नोकरी गेली. सरकारही पडलं. हे पुन्हा निवडून आले. तीन वर्षं गेली. मग एका दुपारी, सभागृहात शेतकी कराच्या कसल्याशा विषयावर चर्चा चालू होती, निम्मी बाकं रिकामी, हे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, ती फाइल माझ्याकडे आली होती. मी सही केली. वाचली नाही. त्या अधिकाऱ्याचा काही दोष नाही.

माझी बोटं थांबली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"स्पेलिंग अडलं, सर."

ते वाट पाहत राहिले. मी टाइप केलं. अध्यक्षांना वाटलं की हे चुकीच्या विषयावर बोलतायत, त्यांनी घंटी वाजवली. पक्षाचा नेता येऊन कानात म्हणाला, वेडा झालास का, कोणी विचारलं होतं तुला? त्यानंतर त्यांना कोणी तिकीट दिलं नाही, आणि लवकरच तिकीट द्यायला पक्षही उरला नाही. गावाला गेले तर गावातले अर्धे लोक बोलेनात. "वडील तोवर गेले होते, दुकान भावाकडे होतं. त्याने मला पाव दिला आणि म्हणाला, तुझी आठवण काढत होते ते."

"आणि तो अधिकारी?"

"त्याने मला पत्र पाठवलं. एका ओळीचं. 'माझ्या बायकोने ते रेडिओवर ऐकलं.' बस."

मग मला जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "सर, कोणी विचारलं नव्हतं, तर मग का सांगितलंत?"

"कोणी विचारलं असतं तर खोटं बोललो असतो," ते म्हणाले. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. "चौकशीत विचारलं होतं ना. तेव्हा खोटंच बोललो. विचारलं की माणूस अंग चोरतो. म्हणून कोणी विचारत नसेल असा दिवस शोधावा लागतो."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हापासून मी एकही कागद न वाचता सही केलेली नाही. तुमच्या त्या फोरमनची पावतीसुद्धा तीनदा वाचली."

ते मला चिमटा काढत नव्हते. ती खूण मला ओळखता आली असती. ते अभिमानाने सांगत होते. सबंध आयुष्य एका सहीत घालवलेला माणूस, पुन्हा तशी चूक होऊ नये म्हणून उजेडात कागद धरणारा, आणि त्याच्याकडून मी पुन्हा एका निरपराध माणसाविरुद्ध सही करून घेतली होती. माझ्या दोन शब्दांवर. येस सर.

मी कप विसळला आणि कॅम्पवर आलो. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे वर्षभर मी त्या खोलीत जात होतो, त्यांच्यासमोर बसत होतो. रोज जाताना ठरवायचो, आज. ते इतके मोठे वाटायचे की त्यांच्यापुढे आपला हा घाणेरडा छोटा कागद काढायची लाज वाटायची. आता कळतं, ती लाज नव्हती, भीती होती. भीतीला आदराचे कपडे घातले की ती फार सभ्य दिसते.

हकिकत पुरी झाली तेव्हा ते निघून गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही.

नंतर माझी बदली शारजाच्या ऑफिसला झाली. रोज बायको-मुलीत राहू लागलो. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमचा इटालियन इंजिनियर पाव मोडता मोडता म्हणाला, "तुझे ते मंत्री गेले. गेल्या महिन्यात. ऐकलंस?"

मी नव्हतं ऐकलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय होणार? ते दुसरे जिवंत आहेत ना अजून?"

सुट्टीवर गेलो तेव्हा म्हसळ्याहून एसटी पकडून भाईंच्या गावाला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही, आखातातून परत आलेला माणूस सगळ्यांना माहीत असतो. भाईंनी सिमेंटच्या ब्लॉकचा छोटा धंदा टाकला होता. दाढी पांढरी झाली होती. मला ओळखलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "कारकून! मेल्या, वाट कशी चुकलास?"

घरातून तळलेल्या मासळीचा वास येत होता. मी म्हटलं, "भाई, एक सांगायला आलोय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "जेवून सांगतोस का सांगून जेवतोस?"

"सांगून."

अंगणातच, ब्लॉकच्या ढिगाशी उभं राहून सांगितलं. सही, खण, बस, केबिन, रॅक. ड्रॉइंग कागदांच्या मागे कसं सारलं तेही. ते ऐकत होते. मध्येच एक प्रश्न विचारला, "म्हणजे सोमवारपर्यंत ते माझ्या केबिनमध्ये नव्हतंच?"

"नव्हतं."

ते खाली बसले. "सही माझी नाय हे मला पावती बघितल्याबरोबर कळलं होतं. गुरुवारची सही तूच मारायचास. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. म्हटलं, सांगितलं तर हा पोरगा पण कॅन्सल होईल, आणि ड्रॉइंग तर आलेलंच होतं, रॅकला होतं. मग चूक माझीच ना? सहीने काय फरक पडतो?" त्यांनी ब्लॉकवरची सिमेंटची पूड हाताने पुसली. "इतकी वर्षं मी तो रॅक डोळ्यापुढे आणतोय. रविवारी बघितला होता मी तो रॅक. दोनदा बघितला होता. मला वाटायचं मला भ्रम होतो. त्या पठाणाची बोटं मी खाल्ली असं धरून चाललोय."



"घरात कागदाला हात नाय लावला मी तेव्हापासून," ते म्हणाले. "लाइटबिल पण पोरगी वाचते."

मग आत वळून बायकोला म्हणाले, "पाहुण्याला वाढ." आणि मला, "जेव. आमच्या दारातून उपाशी कोण जात नाय. पण मी तुझ्यासोबत बसणार नाय."

मी एकटा जेवलो. पान पुसून खाल्लं. टाकणं मला शोभलं नसतं. निघताना ते दारात आले.

"माझ्या बहिणीचा नवरा शारजाला आहे. अल नहदाला. मला त्यानेच लावलं होतं त्या कंपनीत, स्वतःच्या शब्दावर. मी कॅन्सल झालो तेव्हा त्याच्या पुतण्याचा व्हिसा होणार होता तिथे, तो पण अडला. भर लग्नात मला म्हणाला, आंधळ्याला कामाला लावलं मी. तेव्हापासून त्याचं माझं बोलणं नाय. बहीण घरी आली नाय. आई गेली तेव्हा दोन दिवस आली, तेवढीच." त्यांनी पत्ता सांगितला. "मला सांगितलंस, बरं केलंस. आता त्याला सांग. फोनवर नाय. तोंडावर."

ते घर आमच्या इमारतीपासून चार इमारती पुढे होतं. सुपरमार्केटमध्ये मी त्या माणसाच्या मागे कितीदा रांगेत उभा राहिलो असेन.

परतल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी गेलो. सकाळची वेळ. दार एका मुलीने उघडलं आणि आत ओरडली, "अब्बा, सम अंकल इज हिअर!" तिचे वडील जाडजूड, चेहऱ्याने हसरे, पेपर वाचत होते. मी कुठल्या कंपनीत होतो ते सांगितल्याबरोबर पेपर खाली आला.

"बसा," ते म्हणाले. "साल्याने पाठवलं? पैसे मागायला का माफी मागायला?"

"माफी मागायला. पण माझी."

मी सांगायला लागलो. आवाज माझा मुळातच लहान, तो आणखी बारीक झाला. मंत्रीसाहेब सभागृहात उभे राहिले तेव्हा त्यांचाही आवाज असाच झाला असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. रॅकपर्यंत आलो तशी त्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी मी म्हटलं, "तुमचे मेव्हणे आंधळे नव्हते. त्यांनी तो रॅक दोनदा बघितला होता. त्यात काही नव्हतंच."

मला वाटलं उठून मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येत होता. त्यांनी मुलीला खूण केली. ती आत गेली आणि मिक्सर बंद झाला.

"परत सांगा," ते म्हणाले.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून. मोठ्याने." त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "तिला ऐकू गेलं पाहिजे."

पडदा सरकला. पदराला ओले हात पुसत एक बाई दारात येऊन उभी राहिली. नाक-डोळे हुबेहूब भाईंचे. ती माझ्याकडे पाहत राहिली. बसून तेवढा आवाज निघेना, म्हणून मी उभा राहिलो, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.